डाव्या गुडघ्याचं माप

एकतीस वर्षं मी भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, काढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी कडाकडा भांडलो. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, नंतर वाद नको. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. जे झालं ते माझ्या हॉलमध्ये, दिवसाढवळ्या, खिडकीतून चांगलं ऊन येत असताना झालं.

रिटायर झाल्यावर मी मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात खिडकीखाली एक बाक टाकला, त्याला वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस बसवला आणि लोकांच्या वस्तू दुरुस्त करायला लागलो. शिलाई मशीन, पेट्या, एकदा तर कोणाची तरी व्हीलचेअर. वसुधा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अहो, तुम्ही रिटायर झालात की तुमची घरी बदली झाली?" तिचं बरोबर होतं. मला हात रिकामे ठेवता येत नाहीत आणि माझा स्वभावही काही फारसा गोड नाही, त्यामुळे मला बाकापाशी बसवलेलं सगळ्यांनाच बरं पडायचं.

शीतलला माझ्याकडे माझ्या भाचीने पाठवलं. गंधाली ज्या कॉलेजात शिकवते तिथे शीतल केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. एकोणतीस वर्षांची, बुटकी, तुरुतुरु चालणारी. तिचे वडील अंबादास खंडागळे यांनी चाळीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवली. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गणपती, काही सोडलं नाही. आता त्यांचे हात थरथरतात. मार्चमध्ये त्या ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं होत होती आणि त्या कार्यक्रमात बाबांची जागा शीतल घेणार होती.

"पण हे काय आहे?" मी विचारलं. दोन माणसांनी दुसऱ्या मजल्यावर चढवून आणलेली ती वस्तू मला गिटार वाटेना. चार पायांचं अरुंद टेबल, त्यावर दहा तारा, खाली तीन पेडल.

"पेडल स्टील, काका. बाबांच्या गिटारची मोठी बहीण समजा. वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या अंकलकडून घेतली."

तिने बसून दाखवलं. डाव्या हातात पोलादाची कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताने छेडायचं. पायाने पेडल दाबायची. आणि टेबलाखाली पोलादी पट्ट्या लोंबत होत्या, त्या गुडघ्याने ढकलायच्या. एक पट्टी ढकलली की चौथी आणि आठवी तार अर्धा सूर वर जाते, दुसरी ढकलली की अर्धा सूर खाली येते. तो सूर खाली उतरताना माझ्या अंगावर काटा आला, हे मान्य करतो.

तिची अडचण साधी होती. आधीचा मालक सहा फुटी. त्याने सूर उतरवायची पट्टी उजव्या गुडघ्यावर ठेवलेली. शीतल शिकली होती ती डाव्यावर. शिवाय सगळ्या पट्ट्या त्याच्या मापाने उंच आणि लांब लावलेल्या, तिचा गुडघा पोचायचाच नाही. "ती पट्टी डावीकडे घ्या आणि दोन्ही माझ्या मापाने बसवून द्या. एवढंच. होईल ना?"

"होईल की. त्यात काय!" मी म्हटलं.

गिटार उताणी केली तेव्हा मात्र मी अक्षरशः खूश झालो. काय सुंदर काम होतं आत! पट्टी हलली की आडवा शाफ्ट फिरतो, शाफ्टवरची छोटी दांडी रॉडला ओढते, रॉड तारेच्या टोकाला ओढतो. प्रत्येक रॉडच्या टोकाला नायलॉनचा नट आणि पट्टी किती जावी ते ठरवायला एक स्टॉप स्क्रू. मी सगळी मूळ मापं वहीत उतरवून घेतली आणि खोलायला बसलो. दोन दिवसांत सगळं सुटं केलं. मग लक्षात आलं, शीतलच्या गुडघ्याचं माप मी घेतलंच नव्हतं.

फोन केला. बंद. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, लॅबमध्ये फोन चालत नाही. दुसऱ्या दिवशीही बंद. मला थांबणं जमत नाही, हा माझा जुना रोग. टूलरूममध्ये नमुना हाताशी नसला तर आम्ही त्याच मापाचा दुसरा तुकडा लावून काम पुढे रेटायचो. शीतल पाच फूट अर्धा इंच. वसुधाही पाच फूट अर्धा इंच.

"इकडे ये जरा. बस इथे."

"ह्या वयात गिटार वाजवायला लावताय का?"

वसुधाच्या गुडघ्यांबद्दल सांगायला हवं. नऊ वर्षं तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डावा जास्त. जिना चढताना त्यातून आवाज यायचा, कट्, आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा कट्. पहिला सुका, दुसरा जरा भरलेला. माझे कान मशिनवर तयार झालेले, त्यामुळे तो आवाज मी ती पहिल्या मजल्यावर असतानाच ओळखायचो. पाडव्यानंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती त्याला मरणाची घाबरत होती. तिची थोरली बहीण अशाच ऑपरेशनला हसत गेली आणि घरी आलीच नाही. वसुधा याबद्दल बोलायची नाही. फक्त कॅलेंडरच्या त्या पानापाशी आली की नजर दुसरीकडे वळवायची.

मी दोन्ही पट्ट्या रॉडना जोडून डावीकडे सैल टांगल्या आणि ती स्टुलावर बसली. तिच्याच शिवणाच्या डब्यातला शिंप्याचा खडू घेऊन मी तिच्या गाऊनवर डाव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना फासला. टूलरूममध्ये दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात का ते बघायला निळा रंग लावतात, तसंच. गुडघा पट्टीला टेकवायचा, खडू जिथे उमटेल तिथे पट्टी बसवायची.

"ढकल डावीकडे. आता उजवीकडे."

"अगंबाई! गरम आहे ही."

मी हात लावला. पट्टी गार होती. पण तिने ढकलल्यावर चौथी तार हळूच खाली उतरली ती ऐकू आली, कोणी छेडलेली नसताना. रॉड ओढला की थोडासा आवाज होतोच. मी खुणा बघितल्या, स्पष्ट होत्या. त्याच मापाने सगळं पक्कं करून टाकलं आणि स्टॉप स्क्रू आवळले.

शनिवारी शीतल आली. बसली, आणि तिचा चेहराच उजळला. "काका, झकास! माझ्यासाठीच बनवल्यासारखी!" तिने वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि त्यांची एक जुनी धून वाजवली. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "वा गं पोरी. वा." वसुधाने डोळे पुसले. मीही जरा खिडकीबाहेर बघितलं.

उठताना शीतलने बाकाचा आधार घेतला. "पायाला मुंग्या आल्या," ती हसून म्हणाली. "डाव्या." माणसं गिटार घेऊन गेली, ती मागोमाग उतरली.

पुढचे दोन दिवस मला घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटत होतं. फ्रिज बंद पडला की कसं, काय ते कळत नाही पण कान शोधत राहतात. मंगळवारी वसुधा बाजारातून आली. दार उघडून पिशवी ठेवून तिने पाणीसुद्धा प्यायलं, आणि मी बाकावरून वळून बघितलं तेव्हा दचकलो. ती जिना चढलेली मला ऐकूच आली नव्हती.

"वसुधा, पाय?"

भिंतीला एक बोट टेकवून तिने उजवा पाय उचलला आणि सबंध भार डाव्यावर घेतला. उभी राहिली. मी मनात तीसपर्यंत मोजलं. ती रडायला लागली, आणि मग मीही. काय लपवायचं त्यात? नऊ वर्षांत मी तिला अशी उभी बघितली नव्हती.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, दोनदा बघितला. वजन उतरवलंत का, व्यायाम करता का, असं काहीबाही विचारलं. "डाव्याला सध्या हात लावायला नको," ते म्हणाले. "पण उजवा टिकणार नाही. त्याचं करून टाकू. तारीख तीच ठेवा." परतताना रिक्षा नाहूरच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा वसुधा एकदम म्हणाली, "एक काय नि दोन काय. भूल तर तेवढीच देणार ना."

त्यानंतरचा रविवार. साडेदहा वाजले असतील. मी पेटीचा भाता चिकटवत होतो. जिन्यावरून आवाज आला.

कट्. आणि अर्ध्या सेकंदाने, कट्.

"आलीस?" मी मान वर न करता म्हटलं.

"कुठून?" वसुधा माझ्या शेजारी उभी राहून पडद्याला पिना लावत होती.

आवाज चढत आमच्या दारापर्यंत आला. पहिला सुका, दुसरा भरलेला. बेल वाजली. दारात शीतल होती. कठड्याला धरून, धापा टाकत. तिच्या मागे तीच दोन माणसं गिटार घेऊन.

तिला बसवलं, पाणी दिलं. त्या शनिवारी घरी गेल्यापासून डावा गुडघा दुखत होता. चार दिवसांत वाकेनासा झाला. पट्टी ढकलायला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी. "आणि काका, डॉक्टर काय म्हणाले असतील! म्हणे, लॅबने तुमच्या आईचा फोटो तर नाही ना दिला? साठीचा गुडघा आहे हा. यार, मी एकोणतीसची आहे!"

तिने मोबाईलवर एक्स-रे दाखवला. मी चष्मा लावला. आतल्या बाजूला, हाडाच्या कडेशी, तांदळाच्या कणीएवढा एक सुटा तुकडा होता. थोडा तिरका, वरचं टोक मोडलेलं.

मी आतल्या खोलीत गेलो, कपाटातून वसुधाची दोन वर्षांपूर्वीची एक्स-रे फिल्म काढली आणि खिडकीशी धरली.

तांदळाची कणी. थोडी तिरकी. वरचं टोक मोडलेलं.

वळलो तर दारात वसुधा होती. फिल्म तिला दिसली. मी ती पाकिटात घालून परत ठेवली.

बाहेर येऊन मी शीतलला म्हटलं, "थांब. मी सगळं होतं तसं करून देतो." का, ते तिने विचारलं नाही. मी वही काढली आणि तीन तास घाम गाळला. एकेक रॉड आधीच्या भोकात, एकेक स्टॉप स्क्रू आधीच्या आट्यावर. या वेळी डाव्या पट्टीसाठी खडू शीतलच्याच गुडघ्याला लावला, तिच्याच मापाने आवळलं, आणि मनातल्या मनात त्या मशिनची चक्क विनवणी केली.

तोवर वसुधाने तिच्यासाठी उपमा केला. लिंबू पिळून दिला. तिच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला.

"उजवा बरा आहे ना गं तुझा?"

"उजवा एकदम मस्त आहे, काकू. त्याच्यावरच तर सगळं चाललंय."

"हं," वसुधा म्हणाली.

मी शीतलला उभं राहायला सांगितलं. ती उठली. कट्, कट्. वसुधा रिकामी बशी घेऊन आत गेली, झपझप, डाव्या पायावर चांगला जोर देऊन. काहीही परत आलं नव्हतं.

शीतल नाक पुसून म्हणाली, "काका, कार्यक्रम नऊ दिवसांवर आलाय. बाबा रोज विचारतात. डावा गेला तर गेला. दोन्ही पट्ट्या उजव्यावर घ्या. उजव्या गुडघ्याने एकीला आत ढकलीन, एकीला बाहेर. एवढं तरी वाजवता येईल मला."

नाही म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार होतो? तिच्या तोंडाकडे बघून मी फक्त एवढंच म्हटलं, की उजवीकडे एक ब्रॅकेट जास्तीचा लावावा लागेल, तो लागला की तू स्वतः ये, तुझ्यासमोर तुझं माप घेईन. तू आल्याशिवाय एक स्क्रू आवळणार नाही. ती म्हणाली, उद्या बारा वाजता येते. माणसांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली नेलं. तो आवाज तळमजल्यापर्यंत मला ऐकू येत होता.

दार लावून मी वसुधाकडे वळलो. "ह्या वेळी तू त्या गिटारच्या आसपास फिरकायचं नाहीस. कळलं?"

"मी कशाला फिरकू?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ओरडताय कशाला?"

सोमवारी सकाळी मी ब्रॅकेट बसवला. दोन्ही पट्ट्या उजवीकडे टांगल्या, सैलच ठेवल्या. दोन बोल्ट आखूड पडत होते. अकरा वाजता मी खाली उतरून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बोल्ट घेतले, रस्त्यात कोणाशी बोललोही नाही. वीस मिनिटं लागली असतील.

परत आलो तेव्हा गिटार होती तिथेच होती. स्टूल तिच्यासमोर ओढलेलं होतं.

मी वाकून खाली बघितलं. दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या अंगाला पांढरा ठसा होता. गोल, स्पष्ट, नीट दाबून उमटवलेला. पट्ट्या आता सैल नव्हत्या. स्टॉप स्क्रू कोणीतरी आवळले होते, अगदी माझ्यासारखे, शेवटचा पाव आटा सोडून.

रुमालाने मी ठसे पुसले. मग स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

वसुधा खाली फरशीवर बसली होती. मांडी घालून. पुढ्यात वर्तमानपत्र पसरून गवार निवडत होती. नऊ वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. गाऊनवर उजव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना खडू लागला होता.

ती उठली. कशाचाही आधार न घेता. गॅसवरचा चहा गाळला, कप ओट्यावर ठेवला आणि पुन्हा खाली बसली. दोन्ही वेळा कसलाही आवाज झाला नाही. ह्या वेळी शीतल गिटारपाशी बसायचीही वाट बघावी लागली नव्हती.

आणि खरं सांगतो, मला आधी आनंद झाला.

"तारीख रद्द करून टाका," ती गवारीची शीर काढत म्हणाली. तिचा आवाज इतका निवांत होता, लग्नाच्या पहिल्या वर्षात असायचा तसा. "आणि तिचा फोन येईल आता. लगेच उचलू नका. चहा गार होतोय."

हॉलमध्ये फोन वाजायला लागला.

मी आधी चहा घेतला.